कूलंट कमी झालंय, मग ते गेलं कुठे? गाडीची कूलिंग सिस्टीम सांभाळण्याचा सविस्तर मार्गदर्शक

उन्हाळ्याच्या सुट्टीत शनिवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, तर खंबाटकी घाटात बोनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. कुणी बाटलीतलं पाणी ओततंय, कुणी फोनवर मेकॅनिकला पत्ता सांगतंय. दोष उन्हाला आणि घाटाला दिला जातो. वास्तविक ठीकठाक असलेली गाडी पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन मे महिन्याच्या दुपारी हाच घाट निमूटपणे चढते. घाटात वेग कमी, गिअर खालचा, इंजिनावर भार जास्त आणि समोरून येणारा वारा जवळजवळ शून्य. त्यामुळे सपाट रस्त्यावर महिनोन्महिने लपून राहिलेली उणीव तिथे उघडी पडते, इतकंच.

ही उणीव बहुतेक वेळा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, कमी असण्याची असते. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, वायपरचं पाणी उडून जातं, पण कूलंट ही खर्च होणारी गोष्ट नाही. ते एका बंद वाटेत फिरत राहतं. वर्षभरात बोनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटाच्या पेराएवढी उतरली तर सोडून द्या. त्याहून जास्त उतरली, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय किंवा इंजिनात जळतंय. सर्व्हिसिंगनंतर ‘कूलंट टॉप-अप करून दिलंय’ एवढं ऐकून घरी येणं, आणि ‘किती घातलं?’ हे न विचारणं, ही माझ्या मते गाडी बाळगणाऱ्यांची सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

## आत काय चालतं

ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, आणि आजच्या बहुतेक गाड्यांचं हेड (सिलिंडरच्या डोक्यावर बसणारा इंजिनाचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो, तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातला बराचसा कूलंटला उचलून बाहेर टाकावा लागतो.

वॉटर पंप कूलंट ढकलतो. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेडमधल्या पोकळ्यांतून ते तापत जातं, वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून जाताना उष्णता हवेला देतं आणि खालच्या होजमधून पुन्हा पंपाकडे येतं. वाटेत थर्मोस्टॅट बसवलेला असतो. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो. गाडी पळत असेल तेव्हा वारा पुरतो, सिग्नलला किंवा घाटात रांगत असेल तेव्हा सगळी मदार फॅनवर.

राहिलं रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. कुकरच्या शिट्टीसारखं ते आतला दाब धरून ठेवतं, आणि दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. ०.९ किंवा १.१ बारचं झाकण नीट बसलेलं असेल तर तेच मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढेही द्रव राहतं. झाकणाचं रबर गेलं की हा सगळा वाव गेला. त्यात रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलेलं असेल आणि तुम्ही महाबळेश्वर चढत असाल, तर तिथल्या उंचीवर ते पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळेल. इंजिनाचं रोजचं तापमान त्याच्या अगदी जवळ असतं.

## महिन्यातून एकदा, गार इंजिनावर

सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी हे करा. रात्रभर उभी असलेली गाडी हवी, कारण तासाभरापूर्वी बंद केलेल्या इंजिनाची पातळी फसवी असते आणि झाकण उघडणंही धोक्याचं असतं.

आधी तुमच्या गाडीत झाकण कुठे आहे ते ओळखा. दोन प्रकार आहेत. एकात रेडिएटरवरच धातूचं दाबाचं झाकण असतं आणि शेजारी साधी प्लास्टिकची रिझर्व्ह बाटली. दुसऱ्यात रेडिएटरवर झाकणच नसतं. जाड प्लास्टिकच्या टाकीवर फिरकीचं झाकण असतं आणि ती टाकी स्वतःच दाबाखाली असते. दुसऱ्या प्रकारच्या टाकीला ‘बाटलीच तर आहे’ समजून गरम असताना उघडणारे लोक हात आणि चेहरा भाजून घेतात.

बाटलीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मधे हवी. मोबाइलने एक फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात तोच फोटो समोर धरला की ‘बहुतेक एवढंच होतं’ हा गोंधळ राहत नाही. पहिल्या प्रकारच्या गाडीत अधूनमधून रेडिएटरचं झाकणही उघडून बघायला हवं, कारण झाकणाचा आतला छोटा व्हॉल्व्ह अडकला असेल तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. आतलं कूलंट गळ्यापर्यंत भरलेलं दिसलं पाहिजे.

रंग बघा. स्वच्छ, पारदर्शक हिरवा, गुलाबी, निळा, काहीही चालेल. विटकरी किंवा चहासारखा झाला असेल तर गंज धरलाय. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय दिसली तर गाडी चालवू नका, टो करून गॅरेजला न्या.

मग होज पाइप हाताने दाबून बघा. चांगला पाइप दाबला जातो आणि पूर्ववत होतो. दाबल्यावर करकरला, लाकडासारखा कडक लागला किंवा मऊ कणकेसारखा पडला तर बदला. क्लॅम्पच्या लगत फुगवटा आलाय का, तिथे पांढरी किंवा रंगीत खपली धरलीय का, हेही पाहा. कूलंट गरम भागावर पडलं की पाणी उडून जातं आणि मागे ही खपली उरते, म्हणून गळतीच्या जागी थेंब सापडेलच असं नाही. पावसाळ्यात आणि सुगीनंतर उंदीर बोनेटखाली मुक्कामाला येतात. वायरींबरोबर ते होजही कुरतडतात, तेव्हा दातांच्या खुणाही शोधा.

शेवटी गाडीखालची जमीन. एसी चालवून उभ्या केलेल्या गाडीखाली पाणी ठिबकतंच, ते निव्वळ पाणी असतं. बोटाला बुळबुळीत लागलं, रंग दिसला, गोडसर वास आला तर ते कूलंट. चव मात्र घेऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक असतं. कुत्री-मांजरं ते चाटून मरतात. सांडलं तर भरपूर पाण्याने धुऊन टाका.

## काट्यावर किती भरवसा ठेवायचा

कमीच. अनेक गाड्यांतला तापमानाचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी तो मधोमध स्थिर राहतो. तो हलू लागला म्हणजे बराच उशीर झालेला असतो. हल्लीच्या कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही. गार असताना निळा दिवा आणि जास्त तापलं की लाल, एवढंच.

यावर स्वस्त उपाय आहे. स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असतं, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची खाच. त्यात बसणारं छोटं ब्लूटूथ यंत्र ऑनलाइन मिळतं, मोबाइलवर अ‍ॅप टाकलं की कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा एकदा माहीत करून घ्या. नेहमी ९० ते ९५ दिसणारी गाडी एखाद्या दिवशी सपाट रस्त्यावर १०५ दाखवू लागली, तर काट्याला कळण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला कळेल.

काट्याची आणखी एक खोड जिवावर बेतू शकते. काटा वर जाऊन अचानक खाली पडला, तर ‘गार झाली’ असं वाटतं. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच नीट सांगतो. कूलंट पूर्ण निघून गेलं की तो हवेत लोंबकळतो आणि काहीतरीच दाखवतो. म्हणजे चढलेला काटा विनाकारण कोसळला तर गाडी लगेच थांबवायची.

## कोणतं कूलंट, कोणतं पाणी

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो. त्यात थोडं तथ्यही आहे. नुसतं पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण पाणी लवकर उकळतं, लोखंड गंजवतं, अ‍ॅल्युमिनियम खातं आणि पंपाच्या सीलला ओलावा देण्यापलीकडे काही करत नाही. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं हीच आपल्या हवामानात त्याची खरी किंमत आहे. ही द्रव्यं काळाबरोबर संपतात, म्हणून कूलंट दिसायला स्वच्छ असलं तरी बदलावं लागतं.

जुन्या हिरव्या प्रकारचं कूलंट ढोबळमानाने दोन वर्षांत किंवा ४०,००० किलोमीटरला बदलतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली ‘लाँग लाइफ’ कूलंट पाच वर्षं किंवा त्याहून जास्त चालतात. नक्की किती, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि तोच आकडा धरावा.

रंगावर विसंबू नका. रंग हा कंपनीने घातलेला डाय आहे, त्याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं आतून वेगळं असू शकतं. दोन वेगळे प्रकार मिसळले तर गंजरोधक द्रव्यं एकमेकांना निकामी करतात, कधीकधी जेलीसारखा गाळही धरतो. पुस्तिकेत दिलेलं मानक (स्पेसिफिकेशन) डब्यावर छापलेलं आहे का ते बघून घ्या. आत नेमकं काय आहे हे कळायला मार्गच नसेल, जसं जुनी गाडी घेतल्यावर होतं, तर सगळं काढून नव्याने भरणं उत्तम.

दुकानात दोन तऱ्हेचे डबे मिळतात. एक तयार मिश्रण, जे सरळ ओतायचं. दुसरं कॉन्सन्ट्रेट, ज्यात पाणी मिसळायचं. दोन्ही डबे सारखेच दिसतात, तेव्हा लेबल वाचा. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातलं तर कूलंट पातळ होतं. उलट निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरलं तर उष्णता वाहण्याची ताकद घटते आणि गाडी जास्त तापते. निम्मं-निम्मं हे सगळ्यात निर्धोक प्रमाण.

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड हवं. बॅटरीच्या दुकानात ते सहज मिळतं. मराठवाडा-विदर्भात, किंबहुना दख्खनच्या बहुतेक गावांत, बोअरचं पाणी जड असतं. नळाला आणि गिझरला जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांतही धरतो. तो उष्णता अडवतो आणि हळूहळू नळ्याच बुजवतो. आपल्याकडच्या जुन्या गाड्या तापण्याचं हे फार मोठं कारण आहे. वर्षानुवर्षं ‘थोडं पाणी टाक’ म्हणत हापशाचं पाणी ओतलेला रेडिएटर एका फ्लशने, म्हणजे आतून धुण्याने, पूर्ववत होत नाही, बदलावाच लागतो.

## कूलंट घरी बदलायचं असेल तर

अवघड काम नाही, फक्त दोन ठिकाणी लोक चुकतात: प्रमाणाचा हिशेब आणि अडकलेली हवा. ज्या गाड्यांत हवा काढायला व्हॅक्यूमचं यंत्र किंवा स्कॅनर लागतो, त्यांचं काम सरळ सर्व्हिस सेंटरला द्या. बाकीच्यांसाठी रीत अशी.

१. इंजिन पूर्ण गार. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून. शक्य असेल तर तोंडाकडची बाजू किंचित उंच.

२. आतला हीटर पूर्ण गरमवर ठेवा. बऱ्याच गाड्यांत त्यामुळे हीटरच्या नळ्यांची वाट उघडते.

३. रेडिएटरखाली पसरट टब ठेवा, झाकण काढा आणि खालचा ड्रेन प्लग सैल करा. प्लग प्लास्टिकचा असतो, जोर लावलात तर तुटेल. प्लग नसेल तर खालचा होज सोडवा. रिझर्व्ह बाटली काढून आतला गाळ धुऊन घ्या.

४. प्लग लावून साधं डिमिनरलाइज्ड पाणी भरा, इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. फ्लशिंगची रसायनं मी शक्यतो टाळतो. फार जुन्या रेडिएटरमध्ये ती थराबरोबर पातळ झालेला धातूही खातात, आणि काल न गळणारा रेडिएटर आज गळू लागतो.

५. आता हिशेब. छोट्या गाडीत एकूण साडेतीन ते सहा लिटर मावतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच पाणी उरतं. समजा एकूण क्षमता ५ लिटर आहे आणि तुम्ही काढलेलं पाणी मोजल्यावर ३ लिटरच भरलं. म्हणजे आत २ लिटर साधं पाणी आहे. अशा वेळी तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होणार. त्याऐवजी आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरलेली जागा अर्ध्या लिटर पाण्याने भरा. इंजिनात फिरून ते निम्मं-निम्मं होईल.

६. भरताना घाई नको. बारीक धारेने ओता, मधेमधे वरचा होज दाबत राहा, बुडबुडे येतील. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून त्यातून अखंड धार येईपर्यंत थांबा.

७. झाकण रेडिएटरवर असलेल्या गाडीत झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा, एसी बंद. तापत जाईल तसे बुडबुडे येत राहतील आणि पातळी उतरेल, तेवढं भरत जा. गळ्याशी कूलंट चढायला लागलं की झाकण लावा. टाकी दाबाखाली असणाऱ्या गाडीत झाकण कधी लावायचं हे पुस्तिकेप्रमाणे करा. फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून कडक गरम हवा आली पाहिजे. गार येत असेल तर आत हवा अडकली आहे.

८. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा, थोडी उतरलेली असते. भरा. पुढचे चार-पाच दिवस नजर ठेवा.

काढलेलं कूलंट गटारात, अंगणात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका आणि टब उघडा ठेवून जाऊ नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, गॅरेजवाला जुनं ऑइल देतो तिथे तेही घेतात का ते विचारा.

## रेडिएटर बाहेरूनही तुंबतो

साखर कारखान्याच्या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्यांना हे सांगायला नको: पाचटाचे तुकडे, धूळ, किडे, पावसाळ्यातला चिखल हे सगळं ग्रिलमधून आत जातं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि कचरा त्या दोघांच्या मधल्या फटीत दाबून बसतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. टॉर्चच्या उजेडात वरून फटीत डोकावून बघा. धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या पाइपच्या पाण्याने, रेडिएटरच्या जाळीतली पातळ पाती गार असताना. वॉशिंग सेंटरचं जोरदार प्रेशर जवळून मारलं तर पाती आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बंद.

## फॅन, थर्मोस्टॅट आणि गॅरेजमधले दोन जुगाड

फॅनची परीक्षा सोपी. इंजिन सुरू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन थोड्याच वेळात फिरू लागतो. मग एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा आणि तो आपणहून सुरू होतो का ते बघा. एसीला फिरतो, पण आपणहून फिरत नाही, तर संशय सेन्सर किंवा वायरिंगवर. दोन्ही वेळा नाही, तर आधी फ्यूज आणि रिले (फॅनला वीज देणारा छोटा स्विच). तिथेच त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, तर अदलाबदल करून बघता येतं. फॅन दुरुस्त होऊन आल्यावर ग्रिलसमोर कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे. मोटरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असतील तर फॅन हवा पुढे ढकलतो आणि वाऱ्याशी झुंजत राहतो. इंजिन बंद असतानाही फॅन अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर वरचा होज कडक तापतो, खालचा गारच राहतो आणि काटा भराभर चढतो. उघडा अडकला तर इंजिन तापायला खूप वेळ घेतं, अ‍ॅव्हरेज पडतो, निळा दिवा लवकर जात नाही. शंका असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि गॅसवर तापवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला हवा.

आता जुगाड. पहिला: ‘थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता गाडी तापणार नाही.’ दुसरा: ‘फॅन डायरेक्ट केलाय,’ म्हणजे सेन्सर वगळून तो सतत फिरत राहील असा जोडलाय. दोन्हींत खरा बिघाड तसाच राहतो. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन कायम गार चालतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये इंधन मिसळून झीज वाढते. काही इंजिनांत तर रेडिएटर टाळून जाणारी वाट मोकळी राहिल्यामुळे हायवेवर गाडी उलट जास्तच तापते. डायरेक्ट केलेला फॅन चोवीस तास राबून मोटर लवकर जाळतो, आणि ती जळते तेव्हा तुम्हाला पत्ता नसतो. थर्मोस्टॅट आणि सेन्सर हेड उतरवण्याच्या खर्चापुढे काहीच नाहीत. सेकंड हँड गाडी घेताना या दोन गोष्टी मुद्दाम तपासा, विकणारा सांगणार नाही.

वॉटर पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून झिरपतं. छिद्राखाली ओघळाची खूण दिसली तर पंप पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलू नका. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून टाका, मजुरी एकदाच लागते.

## गळती दिसत नाही, तरी कूलंट उतरतंय

इथे खरी शोधाशोध सुरू होते. आधी झाकण. त्यावर छापलेला आकडा गाडीला हवा तोच आहे ना? रबराला चिरा? गॅरेजमध्ये हातपंपाने झाकणाचा दाब तपासता येतो. इंजिन गार झाल्यावर वरचा होज आत चेपलेला दिसला, तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह अडकलाय, तोही झाकणातच असतो.

मग सिस्टीमची प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून दाब भरतात आणि दाबाचा काटा उतरतो का ते बघतात. गार इंजिनावर केली तर बारीक गळतीही थेंबाच्या रूपात दिसते. ‘नुसतं बघून’ निदान करणाऱ्यापेक्षा ही टेस्ट करणारा गॅरेजवाला शोधा.

सीएनजीवाल्यांसाठी खास जागा. गॅस प्रसरण पावताना फार गार होतो, म्हणून गॅसचा दाब कमी करणारा किटचा रिड्यूसर गोठू नये यासाठी त्यात गरम कूलंट फिरवतात. बाहेरून किट बसवताना हीटरच्या होजला टी-जोड लावून ही वाट काढलेली असते. म्हणजे मूळ गाडीत नसलेले चार-सहा जोड आणि तितकेच क्लॅम्प. कूलंट उतरणाऱ्या सीएनजी गाडीत मी पहिला हात तिथेच घालेन.

पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला, काचेवर चिकट वाफ आणि आत गोडसर वास, म्हणजे डॅशबोर्डच्या मागचा हीटर कोअर गळतोय.

हे सगळं ठीक निघालं तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलवर. गरम इंजिनातही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, गार इंजिन सुरू केल्याबरोबर मिनिटभरात दगडासारखा कडक होणारा वरचा होज, टाकीत अखंड बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. पावसाळ्यात रोज एक-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडी पिवळसर साय दमटपणानेही जमते, तेवढ्यावरून घाबरू नका. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्ट असते. टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय ट्रकवाल्यांकडून चालत आलाय. आडरानात गाडी घरापर्यंत आणायला तो कधी कधी कामी येतो. पण तीच हळद हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. बाजारात मिळणाऱ्या ‘स्टॉप लीक’ बाटल्यांचंही तेच. वापरलंत तर दुरुस्तीबरोबर पूर्ण फ्लश करा.

## रस्त्यात तापलीच तर

काटा मधल्या जागेवरून वर सरकू लागला, लाल अजून दूर आहे: एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण जोरात. मे महिन्यात हा अघोरी प्रकार वाटेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. पुढच्या गाडीला चिकटून चढू नका, वारा मिळू द्या. काटा खाली येत नसेल तर सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या.

लाल दिवा लागला, वाफ दिसली, किंवा काटा वर जाऊन कोसळला: लगेच बाजूला आणि इंजिन बंद. ‘टोलनाक्यापर्यंत जाऊ’ म्हणून काढलेली दोन-तीन किलोमीटर हेड वाकवायला पुरेशी असतात. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि त्यातून ओढवलेलं नुकसान धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

वाफ येत असताना बोनेट उघडू नका. ओसरली की उघडा, पण झाकणाला हात नको. किमान पाऊण तास थांबा. होज दाबून बघा. तो मऊ पडला आणि हाताला सोसवेल इतका गार झाला, की जाड फडकं झाकणावर टाकून, तोंड बाजूला ठेवून, पाव फेरा फिरवा आणि थांबा. फुस्स आवाज संपल्यावरच पूर्ण काढा. तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो.

जवळ कूलंट नसेल तर पिण्याच्या पाण्याची बाटली चालेल, तीही नसेल तर मिळेल ते पाणी. थोडं थोडं भरा. भरलेलं लगेच खालून वाहून गेलं तर गाडी टोइंगवरच न्या. टिकलं, तर एसी न लावता काट्यावर नजर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जा, आणि नंतर ते पाणी काढून योग्य कूलंट भरून घ्या.

गाडी चांगलीच तापून बंद पडली असेल आणि गॅरेजवाला हेड उतरवायचं म्हणत असेल, तर नुसतं गॅस्केट बदलून देऊ नका म्हणावं. हेड पट्टी लावून सपाट आहे का ते तुमच्यासमोर मोजायला सांगा, वाकलं असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग (घासून सपाट करणं) आणि तड्याची तपासणी करून घ्या. कंपनीने सांगितलं असेल तर हेड बोल्टही नवे. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलाच, कारण तापलेल्या इंजिनातलं ऑइल पातळ पडलेलं असतं आणि त्यात कूलंट उतरलेलं असू शकतं. आणि हेड पुन्हा बसवण्याआधी मूळ बिघाड कोणता होता, फॅन, पंप, थर्मोस्टॅट की एखादा फाटका होज, हे बिलावर लिहून घ्या. नाहीतर नव्या गॅस्केटची गाडी पुढच्याच घाटात तशीच उभी राहील.